आंधळं दळतं, तेव्हा

दुपारची धुणीभांडी उरकून बसला असाल, कुणी शेतात मोबाइलवर रेडिओ लावून खुरपत असाल. आज आम्ही सहयोगिनींनी बोलायला घेतलाय तो विषय बचतीचा नाही आणि कर्जाचाही नाही. सुरुवात एका म्हणीपासून करतो. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.' गावाला पैसा आला आणि रस्ता काही झाला नाही, की ही म्हण आपल्या तोंडात येते. आम्हीसुद्धा बैठकांमध्ये कितीदा वापरली असेल.

पण जरा जात्याशी बसून बघा. आपल्या आज्या पहाटे उठून दळायच्या तेव्हा घरात उजेड कुठला? रॉकेल जपून वापरायचं, चिमणी लागायची ती चूल पेटवताना. दळण अंधारातच व्हायचं. डावा हात दाणे घालतोय, उजवा खुंटा फिरवतोय, आणि बाई डोळे मिटून बसली तरी काही बिघडत नाही. दाणे संपत आले की जात्याचा आवाज बदलतो. पीठ बारीक की भरड हे चिमटीत कळतं. आणि कुत्रं आलं तर? कुत्र्याच्या पायाचा आवाज, त्याचा वास, पीठ चाटल्याची लपलप, हे सगळं डोळ्यांनी कळतं का? ही म्हण ज्यानं केली त्यानं जात्याचा खुंटा बहुधा कधी धरला नसावा, असं आम्हाला आपलं वाटतं.

आता ही म्हण आमच्या मनात का घोळतेय ते सांगतो. आमच्या एका गटातल्या आजींची नात सात वर्षांची आहे. जन्मापासून तिला दिसत नाही. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं. दोष डोळ्याच्या पडद्याचाच आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं. आईवडील ऊसतोडीला जातात, पोर आजीजवळ असते. बैठकीला आजी तिला बरोबर आणतात. दारात बाईनं चप्पल काढली की ही आतून नाव घेते. कुणाची जोडवी फरशीवर वाजतात, कुणाच्या बांगड्या काचेच्या, कुणाला चढण चढून धाप लागलेली असते. सगळ्यांना तिचं कौतुक. "देवानं डोळे नेले, पण कान दिले बघा," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीच्या माना डोलावायच्या. आम्हीही डोलावल्या. तीन वर्षं डोलावल्या.

मग गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत बचत मोजताना एका बाईनं गंमत म्हणून तिच्या हातात नोट दिली. "सांग कितीची?" पोरीनं नोट बोटांवर आडवी धरली, टोकं चाचपली आणि म्हणाली, पाचशेची. नोट दोनशेची होती. बैठकीत एकदम शांतता पसरली, जणू एखादा चमत्कार फसला. आजींनी तिला जवळ ओढलं, म्हणाल्या, दमलीय आज.

घरी जाऊन आम्ही नोटा पट्टीनं मोजल्या. दोनशेची नवी नोट १४६ मिलिमीटर लांब, पाचशेची १५०. रुंदी दोन्हींची सारखीच, ६६. म्हणजे फरक चार मिलिमीटरचा, ज्वारीच्या एका दाण्याएवढा. जुनी पाचशेची नोट १६७ मिलिमीटरची होती, ती हाताला लगेच वेगळी लागायची. नव्या नोटांवर खुणा आहेत. शंभरच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण, पाचशेच्या नोटेवर गोल, कडेला तिरक्या रेघाही. पण नोट चार बाजार फिरली की उठाव झिजतो. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० ला 'मणी' नावाचं ॲपही काढलं. फोनचा कॅमेरा नोटेवर धरला की ते नोट कितीची ते बोलून सांगतं. चांगलं आहे, पण त्याला घरात तसा फोन लागतो आणि तो पोरीच्या हातात द्यायची तयारी लागते.

मुद्दा असा की ज्वारीच्या दाण्याएवढा फरक ओळखायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती स्वतःच्या मनानं अंदाज बांधत होती. ही देवाची देणगी असती तर चुकली नसती. मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, हे देणं आहे की सराव? आम्ही शोधायला लागलो, तेव्हा कळलं की हा प्रश्न आपल्या बैठकीत पहिल्यांदा आलेला नाही. सव्वातीनशे वर्षांपेक्षा जास्त काळ माणसं तो विचारत आली आहेत. आजची गोष्ट त्या शोधाची आहे.

सुरुवात आयर्लंडपासून करू. तिथं विल्यम मॉलिन्यू नावाचा एक विद्वान होता. लग्नानंतर थोड्याच काळात त्याच्या बायकोची दृष्टी गेली. १६८८ साली त्यानं जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाला पत्रातून एक प्रश्न पाठवला. समजा एक माणूस जन्मापासून आंधळा आहे. त्याला चेंडूसारखा गोळा आणि ठोकळा हातानं बरोबर ओळखता येतो. उद्या अचानक त्याला दिसायला लागलं आणि या दोन वस्तू समोर ठेवल्या, तर हात न लावता गोळा कोणता आणि ठोकळा कोणता हे त्याला सांगता येईल का? पुढं युरोपातले पंडित या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. त्याचं उत्तर कुठं मिळालं, ते पुढं येईल.

१७४९ साली फ्रान्समध्ये देनी दिदरो या लेखकानं अंध माणसांवर पत्राच्या रूपात एक पुस्तक लिहिलं. पॅरिसपासून दूर प्वीझो नावाच्या गावी एक जन्मांध गृहस्थ राहत होता, दिदरो त्याला जाऊन भेटला. बायको आणि मुलगा असलेला संसारी माणूस. अर्क गाळायचा आणि वर्षातून एकदा पॅरिसला नेऊन विकायचा. आग किती जवळ आहे ते तो उष्णतेवरून ओळखायचा. भांडं किती भरलं ते पाणी पडण्याच्या आवाजावरून. आता बायांनो, हे वाचून आम्हाला हसूच आलं. नळाखाली हंडा लावून आपण घरात पोळ्या लाटत असतो, आणि हंडा भरत आला की आवाज चढतो तेव्हा बरोबर उठतो. त्यात काय नवल? पण दिदरोच्या दिवाणखान्यातल्या मंडळींना नवल वाटलं, कारण त्यांचं पाणी नोकर भरत होते.

हा माणूस सुईत दोरा ओवायचा, तोही बारीक सुईत. दिदरो पुस्तकात आपल्या वाचक बाईला म्हणतो, जरा थांबा आणि डोळ्यांशिवाय तुम्ही कसा ओवाल ते सांगा. आम्हीही म्हणतो, थांबा जरा. विचार करा.

त्याची रीत अशी होती. सुईचं नेढं ओठांमध्ये आडवं धरायचं, दोरा नेढ्याशी आणायचा, आणि जिभेनं चाचपत श्वास आत ओढायचा. श्वासाबरोबर दोरा आत येतो. आमच्यापैकी दोघींनी करून पाहिलं. एकीला नवव्या खेपेला जमलं, दुसरीनं ओठाला सुई टोचून घेतली.

त्या माणसाला कुणीतरी विचारलं, तुला डोळे मिळाले तर आवडेल ना? तो म्हणाला, त्यापेक्षा माझे हात लांब झाले तर बरं. लांब हातांनी चंद्रावर काय चाललंय ते तुमच्या दुर्बिणींपेक्षा मला जास्त कळेल. आपण त्याची कीव करत होतो, आणि त्याला तर हात पुरत नव्हते! या पुस्तकात धर्मावर अवघड प्रश्न होते म्हणून दिदरोला त्याच वर्षी काही महिने कैदेत ठेवलं, तो भाग वेगळा. आपल्यासाठी त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची. तो अंध गृहस्थ म्हणायचा, समोर भिंत किंवा माणूस आला की मला चेहऱ्यावर हवेत फरक जाणवतो. ही गोष्टही लक्षात ठेवा.

पॅरिसमध्ये १७८५ च्या सुमारास वालेंतँ आयुई यानं अंध मुलांसाठी शाळा काढली. पुस्तकंही केली, पण कशी? आपल्या छापील अक्षरांसारखीच अक्षरं, फक्त मोठी आणि कागदावर उठलेली. डोळसांना ती पाहून फार समाधान व्हायचं. मुलांना मात्र एकेक अक्षर बोटानं फिरवून ओळखायला वेळ लागायचा, आणि लिहिणं तर जवळजवळ अशक्यच.

या शाळेत १८१९ साली दहा वर्षांचा लुई ब्रेल आला. वडील घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवणारे, कातडीकाम करणारे. तीन वर्षांचा असताना त्यांच्या दुकानात खेळता खेळता टोकदार हत्यार त्याच्या डोळ्याला लागलं. जखम चिघळली आणि दुसराही डोळा गेला. शाळेत त्याला लष्करातल्या एका अधिकाऱ्यानं काढलेली उठावाच्या ठिपक्यांची लिपी मिळाली. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत ठिपके होते, म्हणजे बोटाखाली न मावणारे. लुईनं ते सहावर आणले. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. बोटाचं टोक एकदा टेकलं की अक्षर कळलं, बोट फिरवायची गरज नाही. हे जुळवलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. १८२९ ला त्यानं ती पद्धत छापून प्रसिद्ध केली.

डोळस शिक्षकांना ती आवडली नाही. आम्हाला वाचता येत नाही अशी लिपी कशाला, असा त्यांचा रोख होता. १८४० नंतर काही काळ शाळेत तिला बंदी होती, पुस्तकंही जाळली. मुलं लपूनछपून तीच लिपी वापरत राहिली. १८५२ ला लुई वारला आणि फ्रान्सनं ती लिपी अधिकृत केली १८५४ ला. डोळ्याला जे सुंदर दिसतं ते बोटाला सोयीचं असतंच असं नाही, एवढी साधी गोष्ट ज्यांना रोज हातानं वाचायचं त्यांना विचारली असती तर लगेच कळली असती. गावात शौचालयं बांधताना बायकांना कुणी विचारलं होतं का? तसंच हे.

आपल्या देशात अंध मुलांची पहिली शाळा १८८७ ला अमृतसरला निघाली, ॲनी शार्प नावाच्या मिशनरी बाईंनी काढलेली. छप्पनचा दुष्काळ म्हणून जुनी माणसं ज्याची आठवण सांगायची, तो १८९९-१९०० चा. त्याच १९०० साली मुंबईत ॲना मिलार्ड या अमेरिकन मराठी मिशनच्या बाईंनी अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तीच आज दादरची अंध मुलींची शाळा आहे. स्वातंत्र्यानंतर १९५१ ला देशातल्या भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरली. त्याआधी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पद्धती चालायच्या. आता मराठी 'अ' म्हणजे एकच ठिपका, डावीकडचा सर्वांत वरचा. 'क' म्हणजे डावीकडचा वरचा आणि खालचा.

इथपर्यंत सगळं बोटांचं झालं. आता त्या चेहऱ्यावरच्या हवेकडे येऊ. दिदरोनंतर जवळजवळ दोनशे वर्षं लोक मानत होते की अंध माणसाच्या चेहऱ्याची कातडी जास्त जाणती होते. खुद्द अंध लोकच तसं सांगायचे, की भिंत जवळ आली की कपाळावर सावली पडल्यासारखं वाटतं. १९४० च्या सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात याचा छडा लावायचं ठरलं. प्रयोग करणाऱ्यांत मायकेल सुपा नावाचा विद्यार्थी होता, आणि तो स्वतः अंध होता. दोन अंध आणि दोन डोळ्यांवर पट्टी बांधलेले डोळस, अशा चौघांना लांब दालनातून चालायला लावलं. समोर भिंत किंवा फळी. अडथळा जाणवला की सांगायचं. मग एकेक वाट बंद करत गेले. आधी चेहऱ्यावर जाड बुरखा घातला, हवाच लागू दिली नाही. तरी त्यांना अडथळा कळला. मग पायातले बूट काढून गालिच्यावर चालवलं, तेव्हा जरा कमी कळलं, पण कळलं. मग चेहरा उघडा ठेवून कान पक्के बंद केले, तर सगळे थेट जाऊन आपटले.

म्हणजे चेहरा नव्हेच, कान! पावलाचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि तो प्रतिध्वनी मेंदू इतक्या झटकन वाचतो की माणसाला वाटतं कपाळाला कळलं. विहिरीत डोकावून हाक मारली की पाणी किती खोल आहे याचा अंदाज येतो ना, तेच पण फार बारीक. १९४४ ला हे काम छापून आलं. आम्हाला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पट्टी बांधलेल्या दोन डोळसांची. ते सुरुवातीला धडाधड आपटायचे. सराव झाल्यावर त्यांनाही अडथळा कळायला लागला. देणगी असती तर डोळसांना कशी आली?

आता मेंदूकडे वळू. आपण अंबाडा घालतो ना, त्याच्या आत, डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा जो भाग आहे तो मुख्यतः बघण्याचं काम करतो. डोळा नुसता खिडकी आहे, जे दिसतं त्याचा अर्थ तिथं मागे लागतो. मग जन्मापासून खिडकी बंद असेल तर मागची खोली रिकामी पडत असेल का? १९९६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अंध माणसं ब्रेल वाचत असताना त्यांच्या मेंदूचं काम यंत्रावर पाहिलं. बोटं ठिपक्यांवर फिरत होती आणि डोक्याच्या मागचा तो बघण्याचा भाग कामाला लागलेला होता. डोळसांना बोटांनी ओळखायचं काम दिलं तर तसं होत नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, त्या भागात नुसती हालचाल होत असेल, उपयोग काही नसेल. १९९७ ला त्याच लोकांनी चुंबकाच्या यंत्रानं तो भाग क्षणभर गडबडवला, तर जन्मांध वाचकांच्या ब्रेल वाचनात चुका व्हायला लागल्या. आणि २००० साली एका बाईची हकिकत छापून आली. जन्मापासून अंध, आयुष्यभर ब्रेल वाचणारी. तिच्या मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी रक्तपुरवठा बंद पडून इजा झाली. त्यानंतर बोटांना ठिपके लागत होते, कागदावर काहीतरी उठलेलं आहे हे कळत होतं, पण वाचता येईना. हात शाबूत, बोटं शाबूत, आणि अक्षरं गेली. डोळसाला तिथं इजा झाली तर दिसेनासं होतं, तिचं वाचन गेलं, कारण वाचनाचा मुक्काम तिथं होता.

आपल्या भाषेत सांगायचं तर ते रान पडीक राहिलं नव्हतं. मालक आला नाही म्हणून शेजारच्यांनी बांध सरकवून ते कसायला घेतलं होतं. फक्त एक लक्षात ठेवा, रान आपोआप पिकत नाही, कुणीतरी नांगर धरावा लागतो. तिनं आयुष्यभर वाचलं म्हणून तिथं वाचन उगवलं.

हेच तपासायला कॅनडात एक नामी प्रयोग झाला, तो २०११ ला प्रसिद्ध झाला. अंध आणि डोळस माणसांच्या बोटांना आणि ओठांना बारीक खाचा टेकवून त्या ओळखायला लावल्या. अंधत्वामुळेच स्पर्श तीक्ष्ण होत असेल तर ओठही तीक्ष्ण व्हायला हवेत. पण बोटांत अंध पुढं निघाले आणि ओठांत दोघे सारखेच. ब्रेल वाचणाऱ्यांत तर ज्या बोटानं ते वाचतात ते बोट जास्त तरबेज, आणि आठवड्यात जितकं वाचन जास्त तितकं ते चांगलं. (प्वीझोच्या त्या गृहस्थाचे ओठ तपासायला हवे होते, सुया ओवून ओवून तेही तरबेज झाले असतील.)

बोस्टनमध्ये आणखी एक प्रयोग झाला, २००८ मध्ये छापला गेलेला. चांगलं दिसणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवर पाच दिवस, रात्रंदिवस पट्टी बांधली आणि त्यांना ब्रेल शिकवली. पाचव्या दिवशी त्यांच्याही मेंदूचा मागचा भाग स्पर्शाला प्रतिसाद द्यायला लागला. पट्टी काढल्यावर एका दिवसात तो थांबला. म्हणजे दार सगळ्यांकडेच आहे, आपण ते कधी ठोठावत नाही इतकंच.

आणि मॉलिन्यूचा प्रश्न? त्याचं उत्तर आपल्या दिल्लीत मिळालं. पवन सिन्हा हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी 'प्रकाश' नावाच्या प्रकल्पात जन्मापासून न दिसणाऱ्या, पण उपचार होऊ शकणाऱ्या मुलांच्या शस्त्रक्रिया करून घेतात. आठ ते सतरा वर्षांच्या अशा पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच तपासलं. हातानं चाचपलेली वस्तू नजरेनं ओळखा म्हटल्यावर त्यांना जमेना, नुसती अंदाजपंचे उत्तरं. काही दिवसांतच जमायला लागलं. २०११ ला हे प्रसिद्ध झालं. म्हणजे बघणंसुद्धा शिकावं लागतं. आपण पाळण्यात शिकलो, म्हणून शिकल्याची आठवण नाही. या मुलांची गोष्ट सांगायचं आणखी एक कारण आहे. लहान मुलांनाही मोतीबिंदू असतो आणि तो वेळेत काढता येतो. तुमच्या वस्तीत न दिसणारं मूल असेल तर सगळ्यात आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. नशिबाला बोल लावायचा तर तो नंतर.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. अंध माणसाचे कान मुळात जास्त आवाज ऐकतात असं नाही, ते ऐकलेल्याचा अर्थ जास्त लावतात. काही कामांत जन्मांध लोक मागेही पडतात. आवाज वरून आला की खालून, हे ठरवणं काही प्रयोगांत त्यांना डोळसांपेक्षा अवघड गेलं. म्हातारपणी दृष्टी गेलेल्या माणसाला ब्रेल शिकता येते, पण कष्ट जास्त पडतात. मेंदूचं ते रान लहानपणी जितकं सहज वळतं तितकं नंतर वळत नाही. सात वर्षांच्या पोरीचं वर्ष आणि सत्तर वर्षांच्या आजीचं वर्ष यांत इथं फार फरक आहे.

सरावानं हात कुठवर पोचतो, याची एक गोष्ट आपल्या बायकांच्या कामाची आहे. जर्मनीत फ्रँक हॉफमन नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्यांना सुचलं की स्तनातली गाठ हातानं चाचपून शोधायची असते, मग ज्यांची बोटं रोज वाचतात त्यांना हे काम का देऊ नये? त्यांनी अंध स्त्रियांना नऊ महिन्यांचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. तपासताना छातीवर ब्रेलच्या खुणा असलेल्या चिकटपट्ट्या लावतात, म्हणजे गाठ नेमकी कुठं लागली ते सांगता येतं. निदान डॉक्टरच करतात, पण शोधणारी बोटं या बायांची. २०१७ पासून दिल्लीतही अंध तरुणींना हे शिक्षण मिळू लागलं. हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे तपासणारी बाईच, आणि तिला दिसणारही नाही?" दोघीतिघी मोकळ्या हसल्या. तपासणी टाळण्यात लाज हे किती मोठं कारण असतं ते आपल्याला ठाऊक आहे.

मग आम्ही त्या पोरीकडे परत गेलो. पुठ्ठ्यावर वेल्वेटच्या टिकल्या चिकटवून सहा ठिपक्यांची चौकट केली. खऱ्या ब्रेलपेक्षा कितीतरी मोठी, पण सुरुवातीला चालेल. पहिल्या पुठ्ठ्यावर एकच टिकली. तिचं बोट धरून तिथं टेकवलं आणि सांगितलं, हा 'अ'. तिनं दोनदा चाचपलं. "एवढाच?" मग 'क' दिला. मग तिनं तिच्या नावाचं अक्षर मागितलं आणि आमची पंचाईत झाली, कारण आम्हालाच तेवढी दोन येत होती. पुढच्या बैठकीला आणतो म्हणालो. नोटांचा सरावही चालू केलाय. वेगवेगळ्या नोटा एकमेकींवर ठेवून टोकं मिळवायची, कुठली बाहेर येते ते पाहायचं. दोनशे आणि पाचशे अजून कधी कधी चुकतात. आता चुकल्यावर कुणी गप्प बसत नाही. परत दे म्हणतात.

अंध मुलींच्या निवासी शाळेचा प्रवेश जूनमध्ये असतो. शाळा दूर आहे, एसटीनं पाच तास. आजी म्हणतात, इथं तिला उंबरा माहीत आहे, हौद माहीत आहे, तिकडे परक्या जागी माझी पोर चाचपडेल. यावर आम्हाला लगेच उत्तर सुचलं नाही. चाचपडेल हे खरंच आहे. आईवडिलांशी फोनवर बोललो, वडील म्हणाले, आई म्हणेल तसं. गावातल्या शाळेत गुरुजी तिला बसवून घेतात, पण ब्रेल त्यांना येत नाही, हे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं.

अर्ज आणून भरून ठेवलाय. आजींनी अजून अंगठा दिलेला नाही. परवा मात्र बैठक संपल्यावर त्या मागं राहिल्या, पोरीला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "दिवाळीला घरी सोडतात का? आणि आणायला कुणी जायचं?" आम्ही गाडीचं वेळापत्रक बघून सांगतो म्हटलं.